सहा मिलिमीटरचा छर्रा

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी अण्णांनी
भोसरीहून डब्याच्या झाकणात एक छर्रा आणून दिला.
सहा मिलिमीटर. चूक असलीच तर अर्ध्या मायक्रॉनची, म्हणाले,
तीही माझी नाही, मशीनची.

लॅबच्या खिडक्यांना काळं कापड,
काचेच्या पट्टीवर चिकटवलेला छर्रा, मागे लेझर,
आणि पलीकडच्या भिंतीवर त्याची गोल सावली.
सावलीच्या बरोब्बर मध्यात
एक उजळ ठिपका.
कुंभोजकर म्हणाले, छर्ऱ्याला भोक असेल, बघ.
भोक नव्हतं.
उजेड कडेकडेने वळला होता
आणि सगळीकडून सारखंच अंतर चालून
आत येऊन भेटला होता.
घरी सांगितलं, तर अण्णा भाकरी मोडता मोडता म्हणाले,
गोल नीट असला तरच येत असेल.

आता पाषाणला, तिसऱ्या मजल्यावर
माझ्याकडे प्रोटॉन आहेत.
म्हणजे इथे नाहीत. ते दूर कुठल्या देशात
जमिनीखालच्या बोगद्यात एकमेकांवर येतात.
इथे पोचतात त्यांचे आकडे,
गेटवरची चहाची गाडी झाकली गेल्यावर.

बाकीच्यांना फुटलेले हवे असतात.
त्यांच्या स्क्रीनवर भुईनळे उडतात.
माझ्या वाट्याला न फुटलेले आले:
एकमेकांना चाटून गेलेले, जरासे वळलेले.
दोनशे मीटर पुढे, झोताच्या अगदी कडेला
एक डिटेक्टर दबा धरून बसलेला असतो.
त्याच्यात नोंद होते: आला. अख्खा आला.

दर चार टकरींतली एक अशी.
वळण्याचा आलेख काढला
की आधी घसरण, मग खड्डा, मग बारीकसा उंचवटा,
आणि मी खुर्चीत ताठ होते,
कारण ही भिंत माझी ओळखीची आहे.
तोच छर्रा, लाख कोटी पटींनी बारीक,
फक्त कडा पुसट,
पॉलिश न झालेल्या.

आतलं मात्र छर्ऱ्यासारखं नाही.
आत क्वार्क, आणि त्यांना बांधणारी दोरी उफराटी:
जवळ असतील तोवर सैल,
ओढाल तशी ओढून धरणारी.
फारच ओढली तर तुटते,
पण तुटल्या टोकाला तिथल्या तिथे जोडीदार उगवतो.
एकटा क्वार्क आजवर कुणाच्या हाती लागलेला नाही.
मग चाटून जाताना मधे काय देवाणघेवाण झाली?
हेब्बाळकर मॅडम म्हणतात, पोमेरॉन,
आणि हात हवेत असा हलवतात
जसा दुकानदार सुट्टे पैसे नाहीत म्हणताना हलवतो.

कधी एक फुटतो, दुसरा शाबूत जातो
आणि दोघांच्या मधे एक पट्टा राहतो
जिथे काहीच पडलेलं नाही.
मी तो पट्टा मोजते. पाच वर्षं झाली.
रिकामं मोजायचं तर आधी सिद्ध करावं लागतं
की त्या वेळी डिटेक्टर चालू होता,
कुणी झोपलं नव्हतं.

अण्णा रविवारी आले, दोन बस बदलून.
कारखाना बंद पडून तीन वर्षं झाली, तरी नखं काळीच.
आलेखासमोर चष्मा वर करून उभे.
म्हणजे धडकले, आणि काही झालं नाही?
वळले, म्हटलं.
किती?
शंभर मीटरला एक सेंटिमीटर.
त्यांनी ओठ हलवून हिशेब केला.
मग फार वळले की.
आमच्यात एवढ्यावर माल परत यायचा.

खालून सुतारवाडीकडे एक डंपर गेला,
खिडकीची काच थरथरायला लागली.
अण्णांनी एक बोट टेकवून
ती थांबवली,
आणि डंपर लांब जाईपर्यंत
तसंच ठेवलं.